जुनं टेबल, आईची सुई आणि आठ पौंड

ऑगस्ट १९६३. लंडनजवळच्या फेल्टममध्ये सोळा वर्षांच्या एका पोराला इलेक्ट्रिक गिटार हवी होती आणि दुकानातली परवडत नव्हती. वडील इलेक्ट्रॉनिक्समधले. बापलेकांनी ठरवलं, घरीच करू.

मग घरातल्या आणि बाहेरच्या अडगळीवर धाड पडली. शंभरेक वर्षं जुन्या फायरप्लेसची महोगनीची फळी मिळाली, तिची नेक झाली. फळीला किडीची भोकं होती, ती आगकाड्या ठोकून बुजवली. अंगासाठी जुनं ओकचं टेबल आणि ब्लॉकबोर्ड, हो, आपला सुतार कपाटाला लावतो तोच. वरून महोगनीचं विनियर, म्हणजे पाहुण्यांना कळायला नको! सूर डोलवायच्या यंत्रणेला १९२८च्या पँथर मोटारसायकलच्या दोन स्प्रिंगा, तिच्या टेकूला जुन्या सुरीचं पातं. दांडा सायकलच्या सीटमागची पिशवी अडकवायचा, आणि त्याचं टोक आईच्या विणकामाच्या सुईचं. नेकवरचे पांढरे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. त्या माउलीच्या डब्यात शेवटी काय उरलं, याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

काम दोनेक वर्षं चाललं, खर्च आठ पौंडांच्या आसपास. पोराचं नाव ब्रायन मे, गिटारचं ‘रेड स्पेशल’. त्याच्या ‘क्वीन’ बँडच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’तला सोलो याच गिटारवरचा आणि गाणारा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा. २००२ साली ब्रायन मे हीच गिटार घेऊन बकिंगहॅम पॅलेसच्या गच्चीवर उभा राहिला. नखीऐवजी तो सहा पेन्सचं नाणं वापरतो. त्याच्या खाचदार कडेमुळे तारेला जरा खरखर येते. आणि ‘क्वीन’च्या जॉन डीकनने कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डापासून जो अॅम्प्लिफायर बनवला, तोही या बँडच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजलाय. भंगारवाल्याचं या मंडळींशी गोत्रच जुळत असावं.

फळीतून असा आवाज निघतोच कसा? साध्या गिटारचं पोकळ पोट आवाज मोठा करतं. इलेक्ट्रिकमध्ये ते काम पिकअप आणि अॅम्प्लिफायरचं. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तांब्याची तार गुंडाळलेली, वर पोलादी तारा थरथरल्या की त्या गुंडाळीत वीज उमटते. म्हणून पोट भरीव असलं तरी चालतं. गिटारवादक लेस पॉलने १९४०च्या सुमारास चार इंच चौरस पाइनच्या ओंडक्यालाच नेक जोडली. लोकांना ते ध्यान रुचेना, तेव्हा त्याने एका जुन्या गिटारचे दोन अर्धे कापून ओंडक्याच्या बाजूंना चिकटवले. मग टाळ्या पडायला लागल्या, असं तो सांगायचा. आवाज तोच, नुसता अंगरखा बदललेला.

लिओ फेंडर तर रेडिओ दुरुस्त करणारा. गिटार वाजवता येत नव्हती! त्याने नेक सरळ चार स्क्रूंनी आवळली. बिघडली तर काढा, दुसरी लावा. घरी गिटार करणाऱ्यांनी त्याचे पाय धुवून पाणी प्यावं. त्याच्या १९५०च्या ‘ब्रॉडकास्टर’ या नावावर एका ड्रम कंपनीने हरकत घेतली, तेव्हा कारखान्यात लेबलावरचं तेवढं नाव कात्रीने उडवून गिटारी विकल्या. नंतर बारसं झालं ‘टेलिकास्टर’. मधल्या त्या बिननावाच्या गिटारींसाठी आज संग्राहक रांगा लावतात.

रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने ५० डॉलरचं अंग आणि ८० डॉलरची नेक जोडून ‘फ्रँकेनस्टाइन’ उभी केली. पिकअप किंचाळू नये म्हणून तो मेणात बुडवला.

लाकडाबाबत चालढकल चालते, फ्रेटबाबत, म्हणजे नेकवरच्या आडव्या पट्ट्यांबाबत नाही. सतारीचा पडदा बोटाने सरकवून सूर लावता येतो. इथे पट्टी एकदा ठोकली की ठोकली. हिशेब असा: उरलेल्या तारेला १७.८१७ने भागा, तिथे पुढचा फ्रेट. ६४८ मिलिमीटरच्या तारेवर पहिला फ्रेट ३६.४ मिलिमीटरवर, बारावा बरोबर मध्यावर. गंमत म्हणजे सोळाव्या शतकात ल्यूटसाठी सरळ १८ने भागायची कृती सांगणारे गृहस्थ होते व्हिन्सेन्झो गॅलिली, दुर्बीणवाल्या गॅलिलिओचे वडील. १८ने भागलं तर बारावा फ्रेट सुमारे २.४ मिलिमीटर चुकतो. पण तार दाबली की किंचित ताणते, सूर चढतो, आणि चूक बरीचशी झाकली जाते.

हे फ्रेट ठोकतात त्या फिंगरबोर्डला मात्र आपल्याकडचं लाकूड जगभर मानाचं: सह्याद्रीतला शिसव. आजोबांचा जेवायचा शिसवी पाट तोच. २०१७ साली शिसवाच्या जगभरातल्या जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, तेव्हा गिटार कंपन्यांची तारांबळ उडाली. २०१९ साली तयार वाद्यांना सूट मिळाली.

आता घरी गिटार करण्याचा माझा पराक्रम. पिकअपची तार ०.०६ मिलिमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीची. वेढे सुमारे आठ हजार, लांबी किलोमीटरच्या वर. शिलाई मशीनची मोटर लावली, तार चिमटीत धरली. बत्तीसशेव्या वेढ्याला शिंक आली. तार कुठे तुटली हे बघायलाही भिंग लागलं. दुसऱ्या खेपेला पंखा बंद, खिडक्या बंद, घरातल्यांना बोलायची बंदी.

जोडाजोड करून अॅम्प सुरू केला, तर घूंऽऽ. तारांना हात लावला, घूंऽऽ. जॅकच्या धातूला बोट लागलं आणि एकदम शांत. पत्ता लागला! तारा ज्या ब्रिजवर टेकतात, त्याच्याखाली अर्थिंगची वायर द्यायचीच राहिली होती. चार इंच वायर. त्यासाठी सहाही तारा उतरवल्या, ब्रिज उचकटला, पॉलिशवर एक ओरखडा पडला. तो अजून आहे, आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी तोच दिसतो.