ठासणीच्या बंदुकीची निगा व नळीचा गंज

गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली तालुक्यांत सूरजागड नांवाचा डोंगर आहे. त्याचा दगड हेमॅटाइट जातीचें लोहखनिज असून तो हातीं घेतला असतां बोटांस तांबडी भुकटी लागते. माडिया गोंडांचें दैवत ठाकूरदेव याचें ठाणें या डोंगरावर असून दरवर्षीं जानेवारीच्या आरंभीं तेथें यात्रा भरते. २०२१ पासून तेथें खाणकामही मोठ्या प्रमाणावर चालू आहे. हा सर्व मुलूख पूर्वीं चांदा जिल्ह्यांत मोडत असे. गडचिरोली हा निराळा जिल्हा १९८२ सालीं झाला.

बंदुकीच्या नळीवरील गंजाचा विचार करतांना या डोंगरापासून आरंभ करण्याचें कारण आहे. या दगडांत लोखंड व प्राणवायु हीं एकत्र असतात. चांदा जिल्ह्यांतील जुने लोखंड गाळणारे मातीच्या लहान भट्टींत लाकडी कोळसा व भाता यांच्या साह्यानें हा प्राणवायु काढून घेत, तेव्हां लोखंड मोकळें होई. तेंच लोखंड ओलसर हवेंत उघडें ठेवलें कीं काढून घेतलेला प्राणवायु तें परत घेऊं लागतें व त्यावर तांबडी पूड धरते. ती पूड म्हणजेच गंज. जें भट्टीनें मोठ्या कष्टानें केलें, तें पावसाळा आयतें परतवून लावतो. शस्त्रांची निगा म्हणजे या परतीच्या वाटेवर घातलेला अडसर होय.

बंदुकीच्या नळीस मात्र पावसाळ्याहून मोठा शत्रु आहे, व तो तिच्या पोटांतच उत्पन्न होतो. तो कोणता व त्याचा परिहार जुने लोक कसा करीत, हें सांगणें हा या लेखाचा हेतु आहे. हा विषय केवळ शिकाऱ्याचा नव्हे. ज्या बंदुका आज जुन्या घराण्यांत, देवघरांत किंवा संग्रहालयांत उरल्या आहेत, त्या इतिहासाचीं साधनें आहेत. आणि त्यांचा नाश जितका गंजानें होतो, तितकाच अजाण माणसाच्या साफसफाईनेंही होतो.

बंदुकीचे प्रकार

काळ्या दारूच्या बंदुका मुख्यत्वें तीन प्रकारच्या. तोड्याच्या बंदुकीस पेटत्या वातीनें बत्ती मिळे. चकमकीच्या बंदुकीस गारेच्या ठिणगीनें. व टोपीच्या बंदुकीस तांब्याच्या लहान टोपींतील स्फोटक द्रव्यानें. तिन्हींत दारू व गोळी तोंडाकडून घालून गजानें ठासावी लागते, म्हणून त्या सर्वांस ठासणीच्या बंदुका म्हणतात. विदर्भाच्या पूर्व भागांत व त्यापलीकडील रानांत हिचें नांव भरमार असें आहे. पहिल्या दोन प्रकारांत नळीच्या मागील अंगास एक बारीक छिद्र असतें, त्यास काना म्हणतात. कान्याबाहेरील पेल्यांत घातलेली बारीक दारू म्हणजे रंजक; तिची आग कान्यावाटें आंत जाऊन बार उडतो.

या मुलुखांत अशीं शस्त्रें कोणत्या हवेंत वापरावीं लागत, याची कल्पना १८५८ च्या उठावावरून येते. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांनीं गोंड व रोहिले यांची फौज जमवून इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललें, व अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांस मिळाले. मार्चांत नांदगांव-घोसरी येथें लढाई झाली. एप्रिलच्या अखेरीस प्राणहितेकांठीं चुंचगुंडी येथें तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं बाबूरावांस चांद्यास फांशी देण्यांत आलें. मार्च व ऑक्टोबर यांच्यामध्यें संबंध पावसाळा गेला, हें लक्ष्यांत ठेवण्यासारखें आहे. दाट रान, नदीनाले, डोक्यावर छप्पर नाहीं, अशा स्थितींत ज्याच्या हातीं ठासणीची बंदूक असेल, त्यास दारू कोरडी राखणें व नळी स्वच्छ ठेवणें हीं दोन कामें नित्याचींच होत.

दारूचा मळ

काळी दारू सोरा, कोळसा व गंधक यांची होते. सामान्य प्रमाण शंभर भारांत सोरा ७५, कोळसा १५ व गंधक १० असें आहे. बार उडाला म्हणजे ही सर्व दारू धूर होऊन जाते, अशी समजूत आहे. ती बरोबर नाहीं. जळलेल्या दारूच्या वजनापैकीं निम्म्याहून अधिक भाग घन पदार्थांच्या रूपानें उरतो. त्यांतील कांहीं पांढऱ्या धुराबरोबर बाहेर पडतो व बाकीचा नळीच्या आंतील अंगास चिकटून बसतो.

या मळांत मुख्यत्वें सोऱ्यांतील पोटॅशियमचे क्षार असतात. त्यांपैकीं पोटॅशियम कार्बोनेट म्हणजे आपल्या वैद्यकांतला जवखार. जवखार हवेंतील पाणी ओढून घेतो, व पुरेसा ओलावा मिळाला तर आपणच विरघळून पातळ होतो. पावसाळ्यांत मिठाची बरणी पाझरते, हें प्रत्येक घरांत दिसतें. जवखाराची ओढ मिठाहूनही अधिक. म्हणून न धुतलेली नळी कोरड्या कोठींत ठेवली तरी आंतून ओली होते. त्या पाण्यांत क्षार व गंधकाचीं संयुगें मुरलेलीं असतात, आणि अशा खारट ओलाव्यांत लोखंड साध्या पाण्यापेक्षां फार लौकर गंजतें. जुलई-ऑगस्टांत एक रात्र जरी अशी गेली, तरी सकाळीं चिंधीवर तांबडा डाग उतरूं शकतो.

टोपीच्या बंदुकीस आणखी एक भय आहे. जुन्या टोप्यांच्या मसाल्यांत पोटॅशियम क्लोरेट घालीत. तें जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतें, व तें साध्या मिठाच्याच जातीचें आहे. तें टोपी बसवावयाच्या बोंडांत व कान्याच्या वाटेंत साचून तीच जागा प्रथम खातें.

यावरून एक महत्त्वाचा नियम निघतो: पाणी आधीं, तेल मागाहून. हे क्षार पाण्यांत विरघळतात, तेलांत विरघळत नाहींत. मळ न धुतां वरून तेल फिरविलें तर नळी चकचकीत दिसते, परंतु क्षार व त्यांनीं धरलेला ओलावा तेलाखालीं कोंडले जातात आणि गंजाचें काम आडोशानें चालू राहतें. लोखंडास पाणी लावूं नये हा सामान्य नियम खरा. पण बार काढलेल्या नळीस न धुणें हेंच तिला अधिक काळ ओलें ठेवणें होय.

धुण्याची रीत

नळी रिकामी असल्याची खात्री करून तिचें मागील टोंक गरम पाण्याच्या भांड्यांत धरावें. लाकडी कुंदा भिजूं देऊं नये. नळी सहज सुटत असेल तर ती निराळी करावी. गजाच्या टोंकास सुती चिंधी किंवा तागाचा बोळा घट्ट गुंडाळून तो नळींत वरखालीं करावा. गज वर ओढतांना कान्यावाटें पाणी आंत शिरतें व खालीं दाबतांना बाहेर पडतें. अशा रीतीनें काना व नळी हीं दोन्हीं एकदमच धुतलीं जातात. पहिलें पाणी शाईसारखें काळें येतें व त्यास नासलेल्या अंड्यासारखा वास येतो. तो मळांतील गंधकाच्या संयुगांचा. पाणी निर्मळ येईपर्यंत तें पालटावें. शेवटचें पाणी चांगलें कढत घ्यावें, म्हणजे नळी तापते व आंतील उरलासुरला ओलावा उडून जातो.

नंतर कोरड्या चिंध्या फिरवाव्या, व चिंधी कोरडी आणि पांढरी बाहेर आली म्हणजे नळी ऊन असतांनाच तेलाचा पातळ हात द्यावा. दुसऱ्या दिवशीं पुन्हां एक पांढरी चिंधी फिरवून पहावी. तीवर तांबूस छटा दिसली तर क्षार राहिले असें समजून सर्व क्रम पुन्हां करावा. पुढें बंदूक भरण्यापूर्वीं हें तेल पुसून काढणें तितकेंच अवश्य आहे, कारण नळींत राहिलेलें तेल दारूंत मुरतें. मग पेल्यांतील रंजक जळते, परंतु बार उडत नाहीं.

तेलांची निवडही विचारानें करावी लागते. जवसाचें तेल वाळून त्याचा चिकट पापुद्रा होतो. तें कुंद्याच्या लाकडास उत्तम, नळीच्या पोटास अयोग्य. एरंडेल व करंजेल हीं तशीं वाळत नाहींत. मोहाच्या टोळीचें तेल या रानांत घरोघर मिळणारें. तें थंडींत थिजतें, म्हणून लावतांना कोमट करावें लागतें. वनस्पतींचीं सर्वच तेलें कालांतरानें खवट होतात, व खवटपणांतील आम्ल लोखंडास बाधतें. यास्तव जुनें तेल पुसून वरचेवर नवें द्यावें. मीठ लावलेली चरबी कधींही वापरूं नये.

आज्ञापत्रांतील नियम

शस्त्रांच्या निगेचा विचार मराठी राज्यकर्त्यांनीं किती बारकाईनें केला होता, हें रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रावरून दिसतें. हा ग्रंथ १७१५-१६ च्या सुमाराचा. त्यांतील दुर्गप्रकरणांत दारूगोळा वरचेवर बाहेर काढून उन्हांत वाळवावा असें सांगितलें आहे, व पावसाळ्यांत तोफांस तेल आणि मेण द्यावें, त्यांचे काने मेणानें भरावे व त्यांवर आच्छादन घालावें, अशी आज्ञा आहे.

या आज्ञेंतील प्रत्येक पदार्थाचें काम निराळें आहे. तेल पातळ असल्यामुळें धातूच्या बारीक छिद्रांत व सांध्यांत शिरतें, परंतु पावसाच्या माऱ्यानें वाहून जातें. मेण आंत शिरत नाहीं, पण वरचें पाणी अडवितें. काना ही तर पाण्याची उघडी वाट. ती बुजविल्याखेरीज बाकीचे श्रम फुकट. आणि आच्छादनामुळें तेल व मेण हीं टिकतात. तोफेचा हा नियम बंदुकीसही लागू पडतो. मात्र मेणानें काना भरण्यापूर्वीं आंतील मळ धुतलेला असावा, नाहीं तर आपण शत्रूस आंत ठेवून दार लावल्यासारखें होतें.

जुन्या बंदुकीस हात लावण्यापूर्वीं

येथवर सांगितलेली रीत वापरांतल्या बंदुकीची. जी बंदूक शंभर-दीडशें वर्षें खुंटीवर टांगलेली आहे, तिचा धर्म निराळा.

पहिली गोष्ट जिवाची. ठासणीची बंदूक भरलेली ठेवण्याची चाल होती, व ती रिकामी न करतां माळ्यावर गेल्याचे प्रकार पुष्कळ आढळतात. कोरडी राहिलेली काळी दारू शतकानंतरही पेट घेऊं शकते. म्हणून नळीच्या तोंडासमोर न राहतां एक लाकडी काठी हलकेंच आंत सोडावी, तोंडाशीं खूण करावी व ती काठी बाहेर काढून नळीस लावून पहावी. तिचें टोंक कान्यापर्यंत पोंचत असेल तर नळी रिकामी. चार-सहा बोटें अलीकडेच थांबत असेल तर आंत बार आहे असेंच धरून चालावें. अशा बंदुकीस ठोकणें, भोंक पाडणें, तापविणें किंवा दिव्याजवळ नेणें जिवावर बेतणारें आहे. ती आहे तेथेंच ठेवून पोलिसांस कळवावें. शस्त्र बाळगण्याविषयींचा १९५९ चा कायदाही या प्रसंगीं ध्यानांत असावा. गडचिरोलींत पोलिसांच्या आवाहनावरून गांवकऱ्यांनीं आपल्या भरमार बंदुका जमा केल्याचीं उदाहरणें अलीकडच्या वर्षांतलीं आहेत.

दुसरी गोष्ट पुराव्याची. जुनी बंदूक दिसली कीं चिंच, राख, वीट किंवा घासकागद घेऊन ती रुप्यासारखी लख्ख करण्याची इच्छा होते. ती आवरली पाहिजे. अनेक नळ्यांस कारागिरानेंच मुद्दाम तपकिरी रंग चढविलेला असतो. तो आटोक्यांत ठेवलेला गंजच असून खालच्या लोखंडाचें रक्षण करतो. घट्ट, काळसर-तपकिरी, हात लावतां न सुटणारा थर तसाच राहूं द्यावा. बोटास भुकटी लागते तो नारिंगी-तांबडा गंज तेवढा जिवंत समजावा, व तो तेलाच्या बोळ्यानें हळूहळू पुसून काढावा. एकदां घासकागद फिरला कीं नळीवरील सोन्यारुप्याची कोफ्तगारी, कोरलेलें नांव, कोठीचा आंकडा, कारागिराची खूण हीं सर्व धुळीबरोबर जातात. एखादी बंदूक कोणत्या कोठींतली व कोणाच्या हातची हें सांगणारा पुष्कळदां तोच एक लेख असतो. म्हणून पुसण्यापूर्वीं छायाचित्र घ्यावें, नळीची लांबी व तोंडाचा व्यास मोजावा, अक्षरांचा ठसा कागदावर उतरावा, व बंदूक कोणाकडून कशी आली हें घरांतील वडील मंडळी हयात आहेत तोंच लिहून ठेवावें.

ठेवण्याची जागा कोरडी व वारा खेळता असलेली असावी. मातीच्या किंवा ओल धरणाऱ्या भिंतीस बंदूक टेकवूं नये. चामड्याच्या किंवा लोकरीच्या खोळींत ती कायमची ठेवणें अहितकारक आहे, कारण अशी खोळ ओलावा धरते. नळीच्या तोंडास घट्ट बूच मारूं नये. उघड्या हातानें लोखंड धरल्यास घामांतील मीठ त्यावर उमटतें, म्हणून सुती हातमोजे घालावे. वर्षांतून दोनदां, म्हणजे मृगापूर्वीं व दसऱ्याच्या शस्त्रपूजेच्या वेळीं, नळी तपासण्याचा परिपाठ ठेवल्यास पुष्कळ हानि टळेल. मात्र पूजेंतील हळदकुंकू व पाणी त्याच दिवशीं पुसून कोरडें करावें.

सूरजागडच्या डोंगरांत लोखंड दगडाच्या रूपानें युगानुयुगें पडून राहिलें व पुढेंही राहील. त्याची नळी झाली, तीवर कोणी नांव कोरलें, ती कोणाच्या खांद्यावरून प्राणहितेच्या कांठीं गेली, हा मनुष्याचा इतिहास मात्र एका पावसाळ्याच्या हयगयीनें किंवा एका दिवसाच्या अविचारी घासण्यानें पुसला जातो. ज्यांच्या घरीं असें एखादें शस्त्र असेल त्यांनीं प्रथम तें रिकामें असल्याची खात्री करावी, मग त्याची नोंद करावी, व त्यानंतरच चिंधी हातीं घ्यावी, एवढीच विनंति आहे.