रक्ततपासणीचा अहवाल आणि दुसरे मत

पावसाळा सरत आलेला असतो. ताप येऊन चार दिवस झालेल्या रुग्णाच्या हाती रक्ताचा अहवाल पडतो आणि त्यात प्लेटलेट, म्हणजेच रक्तबिंबिकांची संख्या ३८ हजार लिहिलेली असते. निरोगी प्रौढाच्या रक्तात दर मायक्रोलिटरला साधारणपणे दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. घरात धावपळ सुरू होते. कोणी रक्तपेढीला दूरध्वनी करतो, कोणी रक्तदाते शोधू लागतो. अहवालावरचा आकडा खरा आहे काय, हा प्रश्न मात्र अशा वेळी क्वचितच विचारला जातो.

तो विचारण्यास सबळ कारण आहे. रक्तपेशींच्या मोजणीसाठी जांभळ्या झाकणाची नळी वापरतात. रक्त गोठू नये म्हणून तिच्यात ईडीटीए हे रसायन असते. काही व्यक्तींच्या रक्तात या रसायनामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात. पेशी मोजणारे स्वयंचलित यंत्र अशा पुंजक्यातील प्लेटलेट वेगवेगळ्या मोजू शकत नाही, आणि संख्या भलतीच कमी दिसते. प्रत्यक्ष शरीरात प्लेटलेट पुरेशा असतात; त्या कमी होतात त्या केवळ नळीत. हा प्रकार दुर्मीळ असला तरी परिचित आहे. त्याची खातरजमा करण्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून तज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की पुंजके दिसतात. त्यानंतर फिकट निळ्या झाकणाच्या, सायट्रेट असलेल्या नळीत नव्याने रक्त घेऊन संख्या पुन्हा मोजतात. सायट्रेटच्या द्रावणामुळे रक्त थोडे पातळ होते, म्हणून आलेल्या आकड्यास १.१ ने गुणावे लागते.

पूर्व भारतात, विशेषतः बंगालमध्ये, याहून निराळा प्रकार आढळतो. तेथील काही निरोगी व्यक्तींच्या प्लेटलेट जन्मतःच आकाराने मोठ्या आणि संख्येने कमी असतात. त्यांना रक्तस्रावाचा त्रास होत नाही. कोलकात्याहून नोकरीनिमित्त पुण्यास आलेल्या अशा एखाद्या व्यक्तीचा अहवाल पाहून स्थानिक डॉक्टर चिंतेत पडले, तर त्यात नवल नाही. येथेही काचपट्टी आणि रुग्णाचे जुने अहवाल यांवरूनच उलगडा होतो.

दुसरे मत म्हणजे नेमके काय

रक्ताच्या अहवालाबाबत दुसरे मत घेणे याचा अर्थ बहुतेक लोक दुसऱ्या प्रयोगशाळेत जाऊन पुन्हा रक्त देणे असा लावतात. तो एक मार्ग झाला. अनेकदा त्याहून सोपे उपाय पुरतात. त्याच प्रयोगशाळेला त्याच नमुन्यावर चाचणी पुन्हा करण्याची विनंती करता येते. नमुने काही काळ जपून ठेवलेले असतात, मात्र ही विनंती त्याच दिवशी करावी. नव्याने नमुना देता येतो. आकड्याबद्दल शंका नसून त्याच्या अर्थाबद्दल शंका असेल, तर तोच अहवाल दुसऱ्या डॉक्टरांना दाखविणे उचित ठरते. शंका आकड्याची आहे की अर्थाची, हे प्रथम ठरविले तर पुष्कळ खर्च आणि मनस्ताप वाचतो.

अर्थाची शंका बहुधा ठळक अक्षरांतून किंवा आकड्याशेजारच्या तारांकनातून निर्माण होते. अहवालात उजवीकडे जी संदर्भ मर्यादा छापलेली असते, ती सामान्यतः निरोगी लोकांच्या मधल्या ९५ टक्के मूल्यांवरून ठरविलेली असते. म्हणजे पूर्णपणे निरोगी असलेल्या शंभर जणांपैकी पाच जण प्रत्येक चाचणीत या मर्यादेबाहेर जाणार, हे व्याख्येतच गृहीत आहे. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या वीस चाचण्या एकाच वेळी केल्या, तर निरोगी व्यक्तीचा किमान एक आकडा मर्यादेबाहेर येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के भरते. सणासुदीला सवलतीत मिळणाऱ्या साठ-सत्तर चाचण्यांच्या ‘संपूर्ण शरीर तपासणी’त एकही तारांकन न येणे, हेच खरे तर आश्चर्य मानावयास हवे.

शिवाय मनुष्याचे रक्त एका दिवसासारखे दुसऱ्या दिवशी नसते. थायरॉइडचे कार्य दर्शविणारे टीएसएच रात्री आणि पहाटे अधिक, तर दुपारी कमी असते. ते किंचित वाढलेले आढळल्यास, रुग्णास विशेष लक्षणे नसतील तर दोन-तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करून मगच औषधाचा निर्णय घेण्याची शिफारस केली जाते. एकाच सकाळच्या आकड्यावरून वर्षानुवर्षांची गोळी सुरू होणे इष्ट नव्हे. गर्भवती स्त्रियांबाबत मात्र अशी वाट पाहिली जात नाही.

नमुना प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वी

प्रयोगशाळेची चूक म्हटले की यंत्र बिघडले असावे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात बहुतांश चुका रक्त यंत्रात जाण्यापूर्वीच घडलेल्या असतात. दंडाला बांधलेला रबरी पट्टा मिनिटाहून अधिक काळ तसाच राहिला, रुग्णाने मूठ पुन्हा पुन्हा आवळली, बारीक सुईतून रक्त जोराने ओढले गेले, तर पोटॅशियमचा आकडा खोटा वाढतो. तांबड्या पेशींमध्ये पोटॅशियम बाहेरच्या द्रवापेक्षा कित्येक पटींनी अधिक असते, आणि त्या पेशी फुटल्या की ते द्रवात मिसळते. अहवालावर ‘नमुना हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर पोटॅशियमवर विसंबू नये. जांभळ्या नळीतील थोडे रक्त चुकून दुसऱ्या नळीत गेले, तर पोटॅशियम वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते. ही जोडी एकदम आढळली की अनुभवी तज्ज्ञाला शंका येते.

साखरेचे उलट आहे. काढलेल्या रक्तातील पेशी साखर वापरत राहतात, आणि साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातील साखर दर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी घटते. म्हणून या चाचणीसाठी फ्लोराइड असलेली राखाडी झाकणाची नळी असते. घरून नेलेला नमुना उन्हातून, दुचाकीवरून, चार घरे फिरून प्रयोगशाळेत पोहोचतो, तेव्हा तो कोणत्या नळीत होता हे महत्त्वाचे ठरते. मधुमेह नसल्याचा दिलासा अशा वेळी खोटाही असू शकतो.

काही गोष्टी रुग्णाच्याच हाती असतात. आदल्या दिवशी व्यायामशाळेत भारी वजने उचललेल्या तरुणाचे एसजीओटी वाढलेले दिसते आणि घरचे लोक यकृताच्या काळजीत पडतात. वास्तविक हा घटक स्नायूंमध्येही असतो. भरपूर मांसाहारानंतर क्रिएटिनिन काहीसे वाढू शकते. केस व नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांचे उदाहरण अधिक गंभीर आहे. ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिनमुळे काही पद्धतींनी केलेल्या चाचण्या फसतात. टीएसएच खोटे कमी आणि थायरॉइडची संप्रेरके खोटी जास्त दिसून, नसलेल्या आजाराचे हुबेहूब चित्र उभे राहते. हृदयविकाराच्या निदानासाठी केली जाणारी ट्रोपोनिनची चाचणीही काही पद्धतींत खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये याबाबत इशारा दिला होता. अशी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे. ती किमान दोन दिवस थांबवून चाचणी पुन्हा करणे, हेच अशा वेळी योग्य दुसरे मत होय.

आकडा बरोबर, निष्कर्ष चुकीचा

भारतात विशेष जपून वाचावा असा आकडा एचबीए१सी हा आहे. मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी त्यावरून कळते आणि ६.५ टक्के किंवा अधिक असल्यास मधुमेहाचे निदान होते. परंतु ही चाचणी हिमोग्लोबिनवर आधारलेली आहे. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या पंडुरोगात ती प्रत्यक्षाहून अधिक येऊ शकते, तर तांबड्या पेशी लवकर नष्ट होणाऱ्या आजारांत कमी येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. विदर्भातील व नंदुरबारमधील आदिवासी समाजांत सिकलसेल, ईशान्य भारतात हिमोग्लोबिन ई, पंजाबात हिमोग्लोबिन डी असे वेगळे प्रकार आढळतात आणि काही यंत्रांवर त्यांच्यामुळेही आकडा बदलतो. लक्षणे नसलेल्या व्यक्तीचे मधुमेहाचे निदान एकाच चाचणीवर न करता, उपाशीपोटीच्या साखरेची किंवा ग्लुकोज घेतल्यानंतरच्या साखरेची जोड द्यावी, असा संकेत आहे.

विडाल चाचणीबाबतही असेच म्हणता येईल. विषमज्वराचे निदान एका विडालवर करण्याची प्रथा आपल्याकडे अजून टिकून आहे. पूर्वी झालेला संसर्ग, लस किंवा दुसराच ताप यांमुळेही ती होकारार्थी येते. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर केले तर निदान कितीतरी अधिक भरवशाचे होते, पण त्याला काही दिवस लागतात आणि तेवढा धीर रुग्णाला नसतो व डॉक्टरांनाही नसतो.

याउलट एचआयव्हीच्या चाचणीत दुसरे आणि तिसरे मत पद्धतीतच गुंफलेले आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या नियमांनुसार, लक्षणे नसलेल्या व्यक्तीस बाधित ठरविण्यापूर्वी एकाच नमुन्याची तीन वेगवेगळ्या संचांवर तपासणी होते. खासगी ठिकाणी केवळ एका चाचणीवरून होकारार्थी अहवाल मिळाला असेल, तर शासकीय समुपदेशन व चाचणी केंद्रात ही तपासणी विनामूल्य होते.

दुसरी प्रयोगशाळा खरोखर दुसरी आहे काय

गल्लीच्या टोकावरील दोन निरनिराळी संकलन केंद्रे एकाच मोठ्या प्रयोगशाळेकडे नमुने पाठवीत असल्याचे बरेचदा दिसते. मग पैसे दोनदा मोजूनही मत एकच मिळते. चाचणी प्रत्यक्ष कोठे झाली, हे अहवालावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते, ते वाचावे.

राष्ट्रीय परीक्षण आणि अंशशोधन प्रयोगशाळा प्रत्यायन मंडळाचे, म्हणजे एनएबीएलचे, बोधचिन्ह अहवालावर आहे काय हेही पाहावे. हे प्रत्यायन ऐच्छिक असते आणि ते चाचणीनिहाय दिले जाते. एखाद्या प्रयोगशाळेला साखरेच्या चाचणीसाठी ते मिळालेले असेल आणि संप्रेरकांच्या चाचणीसाठी नसेल, असे होऊ शकते. बाह्य गुणवत्ता तपासणीत प्रयोगशाळा सहभागी होते का, असे विचारण्यासही संकोच नसावा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून जीवरसायनाच्या आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतून रक्तशास्त्राच्या चाचण्यांसाठी अशा योजना चालतात. देशभरातील प्रयोगशाळांना एकसारखे नमुने धाडले जातात, आणि इतरांच्या तुलनेत आपला आकडा कोठे बसतो हे त्यांना कळते. अहवालावर कोणाची स्वाक्षरी आहे, त्या व्यक्तीची पदवी व नोंदणी क्रमांक काय, हेही पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या डिसेंबरमध्ये या स्वाक्षरीविषयी निर्णय देऊन, विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच ती करावी, असे म्हटले होते.

दोन प्रयोगशाळांचे आकडे तंतोतंत जुळावेत, ही अपेक्षा मात्र चुकीची आहे. हिमोग्लोबिन एकीकडे १२.१ आणि दुसरीकडे ११.७ आले, तर त्यात विसंगती नाही. संप्रेरकांच्या बाबतीत यंत्र व संच बदलले की संदर्भ मर्यादाही बदलते, म्हणून प्रत्येक आकडा त्याच अहवालातील मर्यादेशी ताडून पाहावा. परदेशातील मुलामुलींना अहवाल पाठविणाऱ्या कुटुंबांनी एककांकडेही लक्ष द्यावे. ब्रिटनमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात ७ असलेली साखर म्हणजे आपल्याकडील १२६ होय, आणि ८८ हे क्रिएटिनिन म्हणजे आपले १.

खर्चाची अडचण असल्यास जिल्हा रुग्णालयाचा पर्याय आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मोफत निदान सेवेत जिल्हा रुग्णालयांसाठी १३४ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी ६३ चाचण्या निश्चित केलेल्या आहेत. केवळ अहवालाचा अर्थ समजून घ्यावयाचा असेल, तर ई-संजीवनी या केंद्र शासनाच्या दूरवैद्यक सेवेतून डॉक्टरांचा सल्ला विनामूल्य मिळतो.

थांबू नये अशा वेळा

पोटॅशियम ६.५, हिमोग्लोबिन ५, छातीत दुखत असताना वाढलेले ट्रोपोनिन, अशा आकड्यांसाठी दुसऱ्या प्रयोगशाळेची वेळ ठरवीत बसू नये. रुग्णालयात दाखल व्हावे. फेरतपासणी तेथेच होते. डेंग्यूमध्ये पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त येणे, सुस्ती अशी लक्षणे असतील तर प्लेटलेट किती आहेत हा प्रश्न दुय्यम असतो. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्तस्राव होत नसल्यास प्लेटलेट १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय त्या बाहेरून देण्याचा विचार सामान्यतः होत नाही. ३८ हजारांच्या आकड्यावर दाते शोधण्याऐवजी रुग्णाचा रक्तदाब, लघवीचे प्रमाण आणि हिमॅटोक्रिट यांच्याकडे लक्ष द्यावे लागते.

रक्ताच्या कर्करोगाची शंका व्यक्त झाली असेल, तर दुसरे मत कागदी अहवालावर घेऊ नये. मूळ काचपट्ट्या, अस्थिमज्जेच्या तपासणीचा नमुना आणि आधीचे सर्व अहवाल सोबत न्यावेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार, रुग्णाने मागणी केल्यास वैद्यकीय नोंदी ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. मागणी लेखी करून तिची पोच घ्यावी. काचपट्ट्या नेताना किती घेतल्या, त्यांवरचे क्रमांक कोणते, याची नोंद दोन्ही ठिकाणी करून ठेवावी, कारण एकदा हरवलेली अस्थिमज्जेची काचपट्टी पुन्हा मिळवायची तर रुग्णाच्या हाडात पुन्हा सुई घालावी लागते.