पेंच नदीकाठचे अरण्य आणि त्याचे पाहुणे

नागपूर शहरातील बहुसंख्य घरांत नळाचे पाणी कोठून येते, असा प्रश्न वर्गात विचारला असता पुष्कळ मुले नवेगाव खैरीच्या जलाशयाचे नाव सांगतात. परंतु त्या जलाशयात पाणी कोठून येते, असे पुढे विचारल्यास बहुधा उत्तर मिळत नाही. ते उत्तर पेंच नदीत व तिच्या काठच्या अरण्यात आहे.

पेंच नदी मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगराळ भागात उगम पावते. दक्षिणेकडे वाहताना दोन्ही राज्यांच्या सीमेवर तिला तोतलाडोहचे धरण लागते. त्याखाली नवेगाव खैरीचा जलाशय असून पुढे ती कन्हान नदीस मिळते. नागपूर जिल्ह्यातील नदीकाठचे २५७.२६ चौरस किलोमीटर अरण्य १९७५ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. १९९९ साली त्यास व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला.

साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू इत्यादी वृक्षांमुळे पावसाचा मारा थेट जमिनीवर होत नाही. पालापाचोळ्यात पाणी मुरते, माती वाहून जात नाही आणि जलाशयात गाळ कमी साचतो. उन्हाळ्यात तोतलाडोहचे पाणी ओसरते तेव्हा उघड्या पडलेल्या जमिनीवर गवत उगवते व चितळांचे कळप तेथे चरावयास येतात. वानरांनी झाडावरून टाकलेली पाने व फळेही चितळ खातात. वानरांनी वरून शत्रू पाहून दिलेला इशारा त्यांस उपयोगी पडतो. सांबर, गवा, रानडुक्कर यांची संख्या वाघ, बिबट व रानकुत्रे यांच्यामुळे मर्यादेत राहते, म्हणून कोवळी रोपे वाढू शकतात. अशा रीतीने वाघ अप्रत्यक्षपणे अरण्याचे व पर्यायाने पाण्याचेही रक्षण करीत असतो.

ह्या रक्षणाची किंमत मात्र माणसांनीही दिली आहे. पूर्वी ह्या अरण्यात राहणाऱ्या आदिवासींचा नदीतील मासेमारीवर परंपरागत हक्क होता. उद्यान झाल्यावर तो प्रश्न बिकट झाला. मध्य प्रदेश शासनाने ३०५ कुटुंबांस तोतलाडोह जलाशयात मासेमारीचे परवाने दिले, तेव्हा ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९७ साली न्यायालयाने परवाने कायम ठेवले. परंतु ओळखपत्र बाळगावे, काठावर विस्तव पेटवू नये, कचरा टाकू नये, अशा अटी घातल्या. एकीकडे उपजीविका व दुसरीकडे अरण्य, असा तो कठीण प्रसंग होता.

ज्यांचे पोट त्या नदीवर अवलंबून होते, त्यांच्याकडून जर एवढ्या संयमाची अपेक्षा केली गेली, तर केवळ आनंदासाठी येणाऱ्या प्रवाशाने त्याहून अधिक संयम पाळणे हे त्याचे कर्तव्यच होय. सिल्लारी व खुर्सापार येथील प्रवेशद्वारांतून अनेक प्रवासी आत जातात. त्यामुळे आसपासच्या गावांतील तरुणांस मार्गदर्शक म्हणून काम मिळते, हा मोठाच लाभ आहे. परंतु वाघ दिसताच आरडाओरड करणे, वाहन रेटण्याचा आग्रह धरणे, प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकणे, ह्या गोष्टींनी तोच लाभ नष्ट होतो. उलट, जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तेथे अनावश्यक कृत्रिम प्रकाश टाळून रात्रीचा अंधार जपला जातो. त्यामुळे निशाचर प्राण्यांस त्रास होत नाही व पाहुण्यांस तारे स्पष्ट दिसतात. पाहुणचार असाही करता येतो.

शाळेची सहल पेंचला नेताना शिक्षकांनी मुलांस आधीच सांगावे की, वाघ न दिसल्यास सहल वाया गेली असे होत नाही. चिखलातील पाऊलखूण, चितळाचा इशारा, ह्यांतून वाघाचे अस्तित्व कळते. परतल्यावर प्रत्येकाने घरच्या नळापासून नदीच्या उगमापर्यंतचा नकाशा काढावा व वाटेत भेटलेल्या झाडांची, प्राण्यांची आणि गावांची नावे त्यात लिहावी. आपण पितो त्या पाण्यावर किती जणांचा वाटा आहे, हे त्या नकाशावरून मुलांस आपोआप समजेल.