बालमानसोपचारतज्ज्ञांचे निरंतर शिक्षण आणि पुनर्प्रमाणन : एक विवेचन

प्रस्तावना

वैद्यकीय पदवी आयुष्यभर टिकते. तिच्यामागील ज्ञान मात्र जुने होत जाते. म्हणूनच बहुतेक देशांत डॉक्टरांनी नोंदणीनंतरही शिकत राहावे अशी अपेक्षा असते, तिला निरंतर वैद्यकीय शिक्षण म्हणतात. तज्ज्ञाचे ज्ञान व कौशल्य ठरावीक काळाने पुन्हा तपासून त्याची पात्रता नव्याने मान्य करणे म्हणजे पुनर्प्रमाणन होय. बालमानसोपचाराच्या क्षेत्रात या दोन्हींचे महत्त्व अधिक आहे. येथील रुग्ण आपला डॉक्टर स्वतः निवडत नाही, उपचारातील उणीव त्याला शब्दांत सांगता येत नाही आणि चुकीच्या निदानाचा परिणाम त्याच्या शिक्षणावर व पुढील आयुष्यावर होतो.

बदलते ज्ञान

गेल्या काही दशकांत या शाखेत झालेले बदल केवळ तपशिलाचे नाहीत. २००४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नैराश्यविरोधी औषधांच्या वेष्टनावर मुलांसंबंधी ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. सुमारे ४,४०० बालरुग्णांवरील २४ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात आत्महत्येचे विचार वा तसे वर्तन औषध घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत २ टक्के आढळले होते. या चाचण्यांत एकही प्रत्यक्ष आत्महत्या झाली नव्हती. म्हणजे औषध टाळावे असा सरधोपट निष्कर्ष चुकीचा ठरतो, आणि उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत बारकाईने लक्ष न ठेवणेही तितकेच चुकीचे ठरते. २००७ मध्ये हा इशारा २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी विस्तारण्यात आला.

२०१३ च्या डीएसएम-५ या निदानसंहितेने आस्परजर हे स्वतंत्र निदान रद्द करून ते स्वमग्नतेच्या व्यापक वर्णपटात समाविष्ट केले. स्वमग्नता आणि अतिचंचलता ही दोन्ही निदाने एकाच मुलाच्या बाबतीत करण्यास पूर्वीच्या संहितेत मुभा नव्हती. ती आता मिळाली. कायदाही बदलला. भारतात बालकांच्या लैंगिक शोषणाची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारक झाले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ नुसार अल्पवयीन व्यक्तीस विद्युत-आघात उपचार द्यावयाचा झाल्यास पालकाची संमती आणि संबंधित मंडळाची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. यापूर्वी प्रशिक्षण पूर्ण केलेल्या तज्ज्ञाला हे सारे पदवीनंतरच आत्मसात करावे लागले.

अमेरिका व ब्रिटनमधील व्यवस्था

अमेरिकेत मानसोपचार व मज्जाशास्त्र मंडळ १९३४ साली स्थापन झाले आणि बालमानसोपचाराचे स्वतंत्र प्रमाणन १९५९ पासून सुरू झाले. आरंभी ही प्रमाणपत्रे आजीवन होती. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांना दहा वर्षांची मुदत आली. आधीच्या तज्ज्ञांची प्रमाणपत्रे मात्र आजीवनच राहिली. त्यामुळे ज्यांच्या प्रशिक्षणाला सर्वाधिक काळ लोटला होता, तेच सक्तीबाहेर राहिले.

दशवार्षिक परीक्षा दैनंदिन कामाशी निगडित नाही, अशी टीका होत राहिली. २०१९ मध्ये या मंडळाने निवडक शोधलेख वाचून त्यांवरील लघुचाचण्या देण्याचा पथदर्शी प्रयोग सुरू केला, आणि २०२२ पासून तो परीक्षेला कायमचा पर्याय झाला. घोकंपट्टीच्या जागी नियमित वाचन आले.

ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१२ पासून पुनर्वैधीकरण लागू आहे. तेथे पाच वर्षांच्या चक्रात दरवर्षी मूल्यांकन होते आणि त्यात सहकारी व रुग्ण यांचे अभिप्रायही विचारात घेतले जातात.

तासांची मर्यादा

शिक्षणाचे तास भरले म्हणजे उपचार सुधारले, असे मानता येत नाही. डेव्हिड डेव्हिस व सहकाऱ्यांच्या १९९५ च्या आढाव्यानुसार केवळ औपचारिक व्याख्यानांचा डॉक्टरांच्या प्रत्यक्ष कार्यपद्धतीवर फारसा परिणाम होत नाही. त्यांनीच २००६ मध्ये दाखवले की डॉक्टरांनी स्वतःच्या क्षमतेचे केलेले मूल्यमापन बाह्य कसोट्यांशी बहुतांशी जुळत नाही. ही तफावत कौशल्य सर्वांत कमी आणि आत्मविश्वास सर्वांत अधिक असलेल्यांत विशेष आढळते. ज्याला आपली उणीव जाणवत नाही, तो तीविषयीचे व्याख्यानही निवडणार नाही. पुनर्प्रमाणनात बाह्य कसोटी का हवी, याचे हे मुख्य कारण आहे.

भारतीय संदर्भ

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी दर पाच वर्षांत ३० तासांचे निरंतर शिक्षण अपेक्षित धरले. महाराष्ट्रात वैद्यक परिषदेकडील नोंदणीचे पंचवार्षिक नूतनीकरण अशा श्रेयांकांशी जोडलेले आहे. परंतु हे तास सर्वसाधारण आहेत; मुलांवर उपचार करणाऱ्याने त्यांतील काही तास बालमानसशास्त्रास द्यावेत असे बंधन २००२ च्या विनियमांत नाही.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. प्रशिक्षित बालमानसोपचारतज्ज्ञ थोडे असल्याने या मुलांचा भार प्रामुख्याने सामान्य मानसोपचारतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ यांच्यावर पडतो. अशा स्थितीत अमेरिकेसारखी कठोर परीक्षा थेट आणल्यास मुलांवर उपचार करणारे हात आणखी कमी होण्याची भीती आहे; कसोटीच न ठेवणे मात्र मुलांवर अन्याय करणारे ठरेल.

समारोप

या दोन टोकांमधील मार्ग दुर्लभ नाही. आवश्यक तासांपैकी काही अंश प्रत्यक्ष रुग्णवर्गाशी निगडित विषयांसाठी राखून ठेवता येईल. व्याख्यानाला लघुचाचणीची जोड देता येईल, आणि स्वतःच्या काही रुग्णनोंदींचे सहकाऱ्यांसमवेत परीक्षण करता येईल. नैराश्यविरोधी औषध सुरू केल्यावर मुलाला पुन्हा किती दिवसांनी तपासले, हा साधा प्रश्नही अशा परीक्षणात बरेच काही सांगून जाईल. या उपायांना फार मोठ्या यंत्रणेची गरज नाही. उपस्थितीच्या प्रमाणपत्राऐवजी रुग्णाला मिळणाऱ्या उपचाराकडे पाहण्याची दृष्टी मात्र हवी. पुनर्प्रमाणनाचे यश अखेर दवाखान्यात येणाऱ्या मुलाला काय लाभले, यावरूनच मोजले पाहिजे.