पंप उचलण्याआधी

भुईमुगाच्या पानाला भोक दिसलं की पंप पाठीवर, ही आपल्याकडची जुनी खोड. पान गेलं म्हणजे शेंग गेली, हा समज कच्चा आहे. पहिल्या 40 दिवसांत पाचवा हिस्सा पाला अळीने खाल्ला तरी भुईमूग नवी पालवी काढून तूट भरून काढतो. आऱ्या सुटून शेंगा भरू लागल्या की मात्र एवढी सवलत नाही.

'सकाळी औषध मारलं, दुपारी अळी दिसेना, म्हणजे मेली' हेही तसंच. स्पोडोप्टेरा, म्हणजे तंबाखूवरची पाने खाणारी अळी, मोठी झाली की दिवसा दिसतच नाही. झाडाच्या बुडाशी ढेकूळ उचला, ती वेटोळं करून पडलेली सापडेल. अंधार पडला की वर चढते, म्हणून फवारायचंच तर संध्याकाळी. त्याहून बरं म्हणजे तिला लहानपणीच गाठणं. मादी पतंग पानावर पुंजक्याने अंडी घालते आणि ती तपकिरी केसांनी झाकते. पिल्लं काही दिवस एकत्रच राहून हिरवा भाग खरवडतात, पान जाळीदार होतं. ते एक पान खुडलं की शेकडो अळ्या गेल्या. बांधावर एरंडी लावतात ती यासाठीच. पतंगाला तिची रुंद पानं आवडतात. पण एरंडी लावून तिच्याकडे न फिरकणारा अळ्यांची रोपवाटिकाच चालवतो!

हुमणीचं खापर शेणखतावर फुटतं. उकिरड्यातल्या जाड पांढऱ्या अळ्या बऱ्याचदा गेंड्या भुंग्याच्या असतात. त्या कुजकं खातात. मुळं कुरतडणाऱ्या हुमणीचे भुंगेरे पहिल्या दमदार पावसानंतर तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंब, बाभळी, बोरीवर बसतात आणि मग जमिनीत अंडी घालतात. ऑगस्टमध्ये झाडं सुकू लागल्यावर धावपळ करून फारसं हाती लागत नाही. जूनमध्ये फांद्या हलवून पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, तेही गावाने मिळून; एकट्याच्या रानापुरतं केलं तर शेजारून येतातच.

मावा दिसताच जहाल औषध मारलं तर तो खाणारे ढालकिडे आधी मरतात.

आणि टरफल हे काही चिलखत नव्हे. शेंगेवरचा भुंगेरा टरफलावर अंडी चिकटवतो, अळी आरपार दाण्यात शिरते. हा मूळचा चिंचेवरचा किडा, तेव्हा सावली कितीही गार असली तरी चिंचेखाली शेंगा वाळत घालू नयेत.