बी ग्रुप ते नीट

मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या एखाद्या घरात दहावीचा निकाल लागतो, मुलगी 'मला मेडिकलला जायचंय' म्हणते आणि त्या घराची पुढची दोन वर्षं ठरून जातात. लग्नकार्यांना एकट्या वडिलांनी जायचं, मे महिन्यातली कोकणची खेप रद्द, टीव्हीचा आवाज कमी. हे चित्र जुनंच आहे. बदलत गेली ती परीक्षा, आणि ती बऱ्याचदा मुलं निम्म्या वाटेवर असताना बदलली.

अकरावीला मॅट्रिक होती त्या काळात पुढे कॉलेजची दोन वर्षं असत. इंटर सायन्सला गणितवाल्यांचा 'ए ग्रुप' आणि जीवशास्त्रवाल्यांचा 'बी ग्रुप'. डॉक्टर व्हायचं असलेल्याच्या पिशवीत डिसेक्शन बॉक्स असे : चिमटा, कात्री, स्काल्पेल, सुया. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून बसवलेला बेडूक आणि हातांना दिवसभर चिकटून राहणारा वास. हात थरथरला नाही की प्रात्यक्षिक घेणारे सर मान डोलवत. इंटरच्या गुणांवर प्रवेश मिळे. १९७५ मध्ये नव्या पद्धतीच्या दहावीची पहिली परीक्षा झाली, इंटर गेलं, ज्युनिअर कॉलेज आलं आणि भौतिक, रसायन व जीवशास्त्र या तीन विषयांचे बारावीचे गुण, म्हणजे 'पीसीबी', हेच प्रवेशाचं दार झालं.

शिकवणारी कॉलेजं उपनगरांत वाढत होती. पार्ल्यात, अंधेरीत, घाटकोपरला ती होतीच. मुलुंडला १९८४ मध्ये केळकर-वझे उभं राहिलं. मेडिकल कॉलेजं मात्र सगळी शहरात. ग्रँट मेडिकल, म्हणजे जेजे, १८४५चं, नायर १९२१चं, केईएम १९२६चं, सायन १९६४चं. म्हणजे बोरिवलीच्या मुलाने नायरसाठी मुंबई सेंट्रलला उतरायचं आणि मुलुंडच्या मुलीने जेजेसाठी भायखळ्याला. पहिल्या वर्षाला सीनिअरकडून मिळालेला हाडांचा 'बोन सेट' पिशवीत घालून लोकलच्या गर्दीत उभं राहणं, ही उपनगरातल्या कित्येक डॉक्टरांची पहिली आठवण असते.

१९९९ मध्ये राज्याने वैद्यकीय प्रवेशासाठी सीईटी आणली. त्याच्या आदल्या वर्षी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं होतं. सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर होती. दोनशे प्रश्न, दोनशे गुण, चुकीच्या उत्तराला वजाबाकी नाही. पुस्तक तेच राहिलं, पण दीर्घोत्तरी पेपरची सवय मोडून पर्यायांवर काळे गोल भरण्याचा सराव सुरू झाला. क्लासचा व्यवसाय खऱ्या अर्थाने याच काळात फोफावला. तरीही वर्गात मन लावून बसणारं मूल कॉलेजच्या शिकवणीवर ही परीक्षा देऊ शकत होतं, हे मान्य करायला हवं.

मग आली नीट. ५ मे २०१३ रोजी ती देशभर झाली, १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली आणि २०१४ला सीईटी परतली. २०१६चा उन्हाळा तर ज्या घरांत बारावीचं मूल होतं ती घरं कधीच विसरणार नाहीत. बारावीचे पेपर संपले होते. ५ मेच्या सीईटीची तयारी शेवटच्या टप्प्यात होती. २८ एप्रिलला न्यायालयाने आदेश दिला : प्रवेश नीटवरच. पहिला टप्पा तीन दिवसांवर, १ मे रोजी. दुसरा २४ जुलैला. राज्य मंडळाच्या मुलांनी अकरावीचा भाग केव्हाच बाजूला ठेवला होता. तो आता पुन्हा काढायचा, तोही एनसीईआरटीच्या पुस्तकांतून, उणे गुणांची टांगती तलवार घेऊन. पालक रस्त्यावर उतरले, राज्य सरकारने दिल्ली गाठली. २४ मेच्या अध्यादेशाने त्या एका वर्षापुरता दिलासा मिळाला आणि सरकारी जागा सीईटीवर भरल्या गेल्या. खासगी महाविद्यालयांसाठी मात्र नीट द्यावीच लागली. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी तो महिना कसा काढला असेल याचा हिशेब कोणत्याही निकालपत्रात नाही.

२०१७पासून सगळं नीटवर आलं. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळू लागली. पण १८० प्रश्न, ७२० गुण आणि चुकीला एक गुण वजा, या गणिताने ज्युनिअर कॉलेज नावापुरतं उरलं. प्रवेश कॉलेजात आणि दिवसभर क्लासमध्ये, अशा 'इंटिग्रेटेड' सोयीला आळा घालायला राज्याने २०१८ मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. रोग अचूक ओळखला होता. औषध मात्र लागू पडलं नाही.

या सगळ्या गोंधळात उपनगरांना एक ठोस गोष्ट मिळाली. २०१५ मध्ये जुहूच्या कूपर रुग्णालयात महापालिकेचं मेडिकल कॉलेज सुरू झालं, पहिल्या तुकडीला १५० जागा. सायननंतर एकावन्न वर्षांनी. अंधेरीच्या मुलाला रिक्षाने मेडिकल कॉलेज गाठता येईल, हे तोवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

पुढचे धक्के ताजे आहेत. २०२०ला करोनामुळे परीक्षा १३ सप्टेंबरवर गेली. त्याच महिन्यात ७०:३०चा प्रादेशिक कोटा रद्द झाला. २०२४ मध्ये आधी ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण, मग १५६३ विद्यार्थ्यांचे वाढीव गुण रद्द, त्यांच्यासाठी फेरपरीक्षेची सोय आणि जुलैअखेर सुधारित निकाल. त्यात ७२० गुणांवर १७ जण उरले. पेपरफुटीचा तपास वेगळाच.

इतक्या वर्षांत एक साधी मागणी कुणी मनावर घेतलेली नाही. परीक्षेत काहीही बदलायचं असेल तर ते अकरावीचे प्रवेश सुरू होण्याआधी जाहीर करा आणि पुढची दोन वर्षं त्याला हात लावू नका. पालकांनीही आपल्या हातातलं तेवढं करावं. अधिवास, नॉन-क्रीमी लेअर हे दाखले अंधेरी, बोरिवली किंवा मुलुंडच्या तहसील कचेरीत आणि जात वैधतेचा दाखला जात पडताळणी समितीकडे निकालानंतर धावाधाव करून मिळवण्याचे नाहीत. मूल अकरावीत असतानाच अर्ज करा.