मतपत्रिका संगणकावर, मत टपालाने

१९ एप्रिल २०२४ रोजी चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर या दोन्ही लोकसभा मतदारसंघांत मतदान झालं. गडचिरोलीतल्या दुर्गम केंद्रांसाठी मतदान पथकं आणि यंत्रं हेलिकॉप्टरने न्यावी लागली. पहाऱ्याला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जवान होते. ते वेगवेगळ्या राज्यांचे, त्यांची नावं आपापल्या गावच्या यादीत. उलट राजुऱ्याचा किंवा आरमोरीचा जवान सियाचीनला असो, नाहीतर दक्षिण सुदानच्या शांतिसेनेत, त्याचं मत इथेच मोजलं जाणार. पहाऱ्यावरच्या जवानाचं मत त्याच्या गावी आणि आपल्या गावच्या जवानाचं इथे पोहोचवणारी यंत्रणा एकच आहे.

पूर्वी मतपत्रिका टपालाने जायची आणि टपालानेच यायची. चौकीवर पोहोचेपर्यंत अनेकदा निकालाची वेळ झालेली असे. ऑक्टोबर २०१६मध्ये नियम बदलले. निवडणूक आयोगाने सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या मदतीने उभारलेली, मतपत्रिका संगणकावरून पाठवण्याची नवी पद्धत त्याच वर्षी पुदुच्चेरीतल्या नेल्लीथोप पोटनिवडणुकीत प्रथम वापरली गेली. २०१९च्या लोकसभेला १८ लाखांहून अधिक सैनिक मतदारांना अशा मतपत्रिका गेल्या आणि सुमारे ६० टक्के परत आल्या.

उमेदवारांची यादी पक्की झाली की निवडणूक निर्णय अधिकारी मतपत्रिकेची कूटबद्ध फाइल संकेतस्थळावर चढवतो. तुकडीचं कार्यालय ती ओटीपी टाकून उतरवतं, पिन टाकून उघडतं आणि छापून जवानाच्या हाती देतं. तो खूण करतो, मतपत्रिका आतल्या लिफाफ्यात बंद करतो. सोबत अधिकाऱ्याने साक्षांकित केलेलं घोषणापत्र जोडून दोन्ही बाहेरच्या लिफाफ्यात घालतो आणि टपालात टाकतो. मतमोजणीच्या दिवशी आधी बाहेरच्या लिफाफ्यावरचा क्यूआर कोड वाचला जातो, मग घोषणापत्रावरचा आणि आतल्या लिफाफ्यावरचा. एकाच मतदाराच्या नावे दोन लिफाफे आले तर संगणक ते लगेच दाखवतो. मात्र मत कुणाला दिलंय हे त्याला कळत नाही, कारण ते फक्त कागदावर आहे. मला या रचनेतली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

मग मतही संगणकानेच का येऊ नये? बँकेच्या व्यवहारात घोटाळा झाला तर खातेदाराला नोंद दिसते, तो तक्रार करतो. मत गुप्त असल्यामुळे मतदाराला ‘माझं मत बदललं’ हे सिद्धच करता येत नाही. २०१०मध्ये वॉशिंग्टन शहराने परदेशातल्या मतदारांसाठी इंटरनेट मतदानाची यंत्रणा बनवली आणि तपासणीसाठी सगळ्यांना खुली केली. मिशिगन विद्यापीठाच्या चमूने दोन दिवसांच्या आत तिचा ताबा घेऊन टाकलेली मतं बदलली. खऱ्या निवडणुकीत ती वापरलीच नाही. एस्टोनियात २००५पासून इंटरनेटवर मतदान होतं, पण तिथे प्रत्येक नागरिकाकडे डिजिटल ओळखपत्र आहे आणि आधी दिलेलं मत बदलण्याची मुभाही आहे. नॉर्वेने मात्र प्रयोग करून २०१४मध्ये तो थांबवला.

कागद ठेवायचा, तर त्याला परतायला वेळ द्यायला हवा. २०२४च्या लोकसभेला आपल्या दोन्ही मतदारसंघांत उमेदवारी मागे घेण्याची मुदत ३० मार्चला संपली आणि मतमोजणी ४ जूनला झाली. लिफाफ्याच्या हाती ६६ दिवस होते. हा योग मतदानाच्या टप्प्यांमुळे जुळला. त्याच वर्षीच्या विधानसभेला माघार ४ नोव्हेंबरला आणि मोजणी २३ नोव्हेंबरला, म्हणजे अवघे १९ दिवस. तेवढ्यात फाइल उतरवायची, साक्षांकन करायचं, आणि चौकीवरून किंवा दक्षिण सुदानमधल्या जुबातून निघालेला लिफाफा मतमोजणीच्या सकाळी ८च्या आत पोहोचला पाहिजे. उशिरा आलेला मोजला जात नाही.

अमेरिकेने २००९मध्ये कायदा करून सैनिकांना संघीय निवडणुकीची मतपत्रिका मतदानाच्या किमान ४५ दिवस आधी पाठवणं राज्यांवर बंधनकारक केलं. आपल्याकडे माघारीनंतर मतदानालाच जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा इथे बसणार नाही. पण मतदान आणि मोजणी यांच्यात विधानसभेलाही १० दिवसांचं अंतर ठेवता येईल. तेवढ्यासाठी नवी यंत्रणा नको आणि नवं सॉफ्टवेअरही नको. वेळापत्रकातली एक तारीख पुढे सरकवली की झालं.